एका बेटापुरती झाडे

मे महिन्याच्या उन्हात आपल्या गावच्या एस.टी.च्या थांब्यावर, शाळेच्या आवारात, तालुक्याच्या कचेरीसमोर एक झाड लालभडक फुलते. गुलमोहर. तो इतका आपल्या अंगवळणी पडला आहे, की हा परदेशचा पाहुणा आहे असे कोणी म्हटले तर ऐकणारा वाद घालील. पण गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटावरचा. निसर्गाने त्याला तेवढे एकच घर दिले होते. बाकी सारी मुशाफिरी त्याला माणसाने घडवली, आणि तीही त्याच्या रूपावर भाळून.

जी वनस्पती निसर्गतः एकाच मुलखात उगवते, दुसरीकडे कोठेही आपणहून आढळत नाही, तिला शास्त्रज्ञ 'प्रदेशनिष्ठ' म्हणतात. शब्द जरा जड आहे, पण अर्थ सोपा आहे. येथे एक खुलासा केलेला बरा. प्रदेशनिष्ठ म्हणजे दुर्मीळ असे नव्हे. एखादी जात एकाच डोंगरावर असेल, पण तिथे गवतासारखी माजलेलीही असेल. मात्र तो डोंगर गेला की जात गेली. दुसऱ्या गावाहून बी आणू म्हटले, तर दुसरे गावच नाही.

गुलमोहराचे नशीब सगळ्यांना लाभत नाही. ज्या झाडांना शोभा नाही, गोड फळ नाही, ज्यांच्या लाकडाला भाव नाही, त्यांना कोण बोटीत घालून नेणार? अशा एका बेटापुरत्या झाडांची हकीकत आज सांगावयाची आहे. बेट आहे मादागास्करच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर, मॉरिशस.

मॉरिशसचे नाव आपल्याला नवे नाही. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी हिंदुस्थानातून कराराने मजूर तिकडे जाऊ लागले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली रत्नागिरी-सावंतवाडीकडची कष्टकरी माणसेही होती. त्यांची नातवंडे-पणतवंडे आजही तिथे आहेत, गणपती बसवतात, आणि गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. मराठी कुटुंबे ज्या भागात पुष्कळ आहेत, त्यांतल्या एका शहराचे नाव व्हाकुआ. हे नाव झाडावरून पडले आहे. मॉरिशसमध्ये व्हाकुआ म्हणतात केवड्याच्या जातीच्या झाडांना. म्हणजे आपल्या भाषेत ते केवडेवाडी झाले! तिथल्या केवड्याच्या विसाएक जाती अशा आहेत की त्या जगात दुसरीकडे कोठेही नाहीत. या केवड्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

मॉरिशस हे ज्वालामुखीतून वर आलेले बेट. त्याचे वय सुमारे ८० लाख वर्षे. क्षेत्रफळ १८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या निम्मे. समुद्रातून वर आले तेव्हा तो नुसता तापलेला काळा खडक होता. मग त्यावर रान आले कोठून? काही बी लाटांवर तरंगत आले, काही वाऱ्याने आणले, काही पाखरांच्या पोटातून किंवा पायांच्या चिखलाला चिकटून आले. हजारो वर्षांत एखादेच बी असे पोचावे, आणि पोचलेल्यांतले एखादेच रुजावे. पण एकदा रुजले की त्याचा मूळ गोताशी संबंध तुटला. लेकीची सोयरीक दूरदेशी झाली, मग दोन पिढ्यांनी बोली बदलते, चालीरीती बदलतात, तसेच येथेही झाले. लाखो वर्षांत त्या रोपांचे वंशज मूळ जातीहून निराळे बनले. आज मॉरिशसमध्ये मूळच्या, म्हणजे माणसाने न आणलेल्या, फुलझाडांच्या सुमारे ६९० जाती मोजल्या गेल्या आहेत. त्यांतल्या २७० च्या आसपास केवळ त्या बेटाच्या आहेत. आणखी शे-दीडशे जाती मॉरिशस, रेयुन्यों आणि रोद्रिग या शेजारच्या तीन बेटांपुरत्या आहेत.

ही झाडे बेटभर सारखी पसरलेली नाहीत. आग्नेयेकडून येणारा वारा वर्षभर वाहतो, आणि त्याचा ओलावा मधल्या पठारावर रिता होतो. पठारावर वर्षाला ४००० मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो. पश्चिम किनाऱ्यावर मात्र त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकाही पडत नाही. आपल्याकडे महाबळेश्वर आणि माण तालुका यांत जो फरक, तो तिथे तासाभराच्या वाटेवर दिसतो. त्यामुळे किनाऱ्याच्या कोरड्या भागात ताडवर्गातील झाडांचे रान, थोडे वर आबनुसाचे रान, त्यावर दाट ओले जंगल, असे मजले होते. आबनूस म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्या कुळातले झाड. गाभ्याचे लाकूड काळेभोर, वजनदार. पठारावर काही ठिकाणी जांभ्यासारखा लोहयुक्त कठीण थर आहे. त्यावर माती जेमतेम, म्हणून झाडे खुरटी, कंबरेएवढी. कोकणातला सडा पाहिलेल्या माणसाला ती जागा एकदम ओळखीची वाटेल.

आणि काही जातींचे घर तर एवढेसे असते, की ऐकून नवल वाटावे. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ल मोर्न नावाचा एक उभ्या कड्यांचा डोंगर आहे. पळून गेलेले गुलाम या डोंगरावर आश्रयाला राहत, म्हणून तो इतिहासातही प्रसिद्ध आहे. त्याच्या उतारांवर त्रोकेशिया नावाचे एक झुडूप उगवते. फूल घंटेसारखे, लालसर, खाली लोंबणारे. तिथले लोक त्याला 'कानातला डूल' म्हणतात. १९९२ मध्ये मॉरिशसने त्याला राष्ट्रीय फुलाचा मान दिला. राष्ट्राचे फूल, आणि रानटी स्थितीत त्याचा ठिकाणा एकच डोंगर!

या बेटावर वटवाघळे सोडली तर जमिनीवर राहणारा एकही सस्तन प्राणी मुळात नव्हता. हरीण नाही, डुक्कर नाही, माकड नाही, उंदीरसुद्धा नाही. चरणारे जनावर एकच, अवाढव्य भूकासव. झाडांनी जी काही राखण करायला शिकले ती कासवांपासून आणि पाखरांपासून. घर उघडे टाकून निजणाऱ्या गावात एका रात्री दरोडा पडावा, तसे पुढे घडले.

१५९८ मध्ये डच खलाशी उतरले. १६३८ पासून त्यांनी वस्ती केली, आणि १७१० मध्ये ते निघून गेले. डोडो हा न उडणारा थोराड पक्षी त्यांच्याच काळात संपला, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्यांनी आबनूस तोडून जहाजे भरून नेला, १६३९ मध्ये जावा बेटाकडची हरणे आणून सोडली, आणि त्या शतकात माकडे, डुकरे, उंदीरही बेटावर पोचले. मग फ्रेंच आले. त्यांच्यातल्या एका माणसाचा उल्लेख केला पाहिजे. पिएर प्वाव्र हा १७६७ पासून तिथला कारभारी होता. मसाल्याची रोपे आणून पाम्प्लमूसच्या बागेत लावणारा तोच. पण त्याचे दुसरे काम मला अधिक मोलाचे वाटते. रान गेले की पाऊस आणि झरे जातात, हे त्याने ओळखले, आणि १७६९ मध्ये असा कायदा झाला की जमीनदाराने आपल्या जमिनीचा चौथा हिस्सा रानाखाली राखावा, डोंगरउतार उघडे करू नयेत. इतक्या आधी असा विचार सरकारी कागदावर आलेला क्वचितच सापडेल. कायदा झाला खरा, पण पुढे साखरेला भाव आला. १८१० मध्ये बेट इंग्रजांकडे गेले, आणि त्या शतकात उसाने सपाट जमीन गिळली.

येथे आपल्याच माणसांचा प्रश्न येतो. हे ऊस लावणारे हात पुष्कळसे हिंदुस्थानी होते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. करारात बांधलेल्या मजुराला मळा कोठवर वाढवायचा हे कोणी विचारले नव्हते. आणि त्याच उसावर पुढे त्यांच्या मुलांची घरे उभी राहिली, हेही तितकेच खरे. तोड मात्र ऊस थांबल्यावरही थांबली नाही. १९७० नंतरच्या दशकातसुद्धा पठारावरचे खुरटे रान काढून पाइनची लागवड झाली. आज चांगल्या अवस्थेतले मूळचे रान बेटाच्या २ टक्क्यांहूनही कमी उरले आहे, आणि केवळ त्या बेटाच्या म्हणून ज्या जाती आहेत, त्यांतल्या दर पाचांपैकी चार धोक्यात आहेत.

तुम्ही म्हणाल, मग उरलेल्याला कुंपण घाला, कुऱ्हाडबंदी करा, झाले! १९९४ मध्ये सरकारने ब्लॅक रिव्हर गॉर्जेस नावाचे राष्ट्रीय उद्यान केलेही. सहा हजार हेक्टरांवर जागा राखली. पण कुऱ्हाड थांबली तरी रान मरतच राहिले. त्याचे कारण आहे एक पेरू.

हा आपला नेहमीचा पेरू नव्हे. याला तिथे चिनी पेरू म्हणतात, पण तो मूळचा ब्राझिलचा. फळ सुपारीपेक्षा थोडे मोठे, लाल, चवीला आंबटगोड. झाड बारीक, काठीसारखे, पण एकमेकांना इतके खेटून वाढते की त्यातून माणसाला वाट काढता येत नाही. फळे डुकरे, माकडे आणि पाखरे खातात, आणि बी सगळीकडे पसरते. त्याच्या दाट सावलीत आबनुसाचे बी रुजले तरी रोप वर येत नाही. वर पाहावे तो जुने वृक्ष उभे असतात, आणि पाहणाऱ्याला वाटते, काय सुंदर रान आहे! खाली पाहावे तो एकही पोर नाही. सगळी म्हातारी माणसे आणि अंगणात एक मूल नाही, अशा वाड्यासारखी ती स्थिती. म्हातारे वारले की वाडा बंद. आपल्याकडे घाणेरीने डोंगर कसे व्यापले हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. फरक एवढाच की घाणेरीवर कोणी प्रेम करत नाही. मॉरिशसमध्ये मात्र हंगामात कुटुंबेच्या कुटुंबे डब्या-पिशव्या घेऊन चिनी पेरू तोडायला रानात जातात. मीठ-मिरची लावून तो खाण्याची तिथे मोठी हौस. शत्रू गोड असला की त्याला हाकलणे अवघड जाते.

तेव्हा उपाय काय? उपाय कोणत्याही शेतकऱ्याला सुचेल असाच आहे, बेणणी. काही निवडक तुकड्यांना कुंपण घालून हरीण-डुकरांना बाहेर ठेवायचे, आणि आतले पेरू व इतर उपरे झुडूप हाताने उपटायचे, कापायचे. १९८० नंतरच्या काळात असे तुकडे तयार करण्याचे काम हाती घेतले गेले. जिथे ते नीट झाले, तिथे मूळच्या झाडांची रोपे पुन्हा दिसू लागली. पण भाताच्या खाचरात एकदा बेणून भागते का? तण पुन्हा येतेच. तेथेही माणसांना दर एक-दोन वर्षांनी परत जावे लागते. पैसा लागतो, मजूर लागतात, आणि मूळचे रोप कोणते व उपरे कोणते हे पानावरून ओळखणारी नजर लागते. ही नजर शिकवून यावी लागते. नाहीतर ज्याला वाचवायचे तेच उपटले जाते!

आता त्या केवड्याकडे वळू. बेटावर पाठ हिरवीगार आणि त्यावर लाल ठिपके असलेली एक पाल आहे. आपल्या घरातल्या पालीसारखी ती रात्री फिरत नाही, दिवसा फिरते. आणि ती फुलांतला मध पिते. होय, पाल मध पिते! मॉरिशसच्या काही फुलांतला मध रंगीत असतो, पिवळा किंवा लाल, आणि या रंगाकडे पाली ओढल्या जातात असे प्रयोगांत दिसले आहे. मध पिताना तिच्या तोंडाला पराग लागतात, ते पुढच्या फुलावर जातात, आणि फळ धरते. त्रोकेशियाची एक जात अशीच पालीवर अवलंबून आहे. २००७ मध्ये काही संशोधकांनी असे दाखवले, की केवड्याच्या जाळीजवळच्या त्रोकेशियाला फळे जास्त धरतात, आणि दूरच्यांना कमी. केवड्याचा त्रोकेशियाशी काय संबंध? काहीच नाही. संबंध आहे तो पालीचा. ससाण्यापासून लपायला तिला केवड्याच्या काटेरी पानांची बेचकी लागते. लपायला जागा जवळ असली तरच ती फुलावर येते. केवडा तोडला तर त्रोकेशियाला कोणी हात न लावताही तिची फळे कमी होतील.

रुसेया नावाची एक वेल आहे, तिचे तर परागही हीच पाल नेते आणि बीही हीच पसरते. आता बाहेरून आलेल्या एका मुंगीने त्या फुलांवर ठाण मांडले आहे. फुलाजवळ पाल आली की मुंग्या तिच्यावर तुटून पडतात, पाल माघारी जाते, आणि वेल वांझ राहते.

शिक्षक बंधुभगिनींसाठी येथे एक सावधगिरीची सूचना. डोडो आणि तांबालाकोक नावाच्या झाडाची एक गोष्ट पुष्कळ पुस्तकांत आढळते. १९७७ मध्ये स्टॅन्ली टेंपल या शास्त्रज्ञाने असे मांडले, की या झाडाचे कठीण कवचाचे बी डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नसे, म्हणून डोडो गेल्यावर तीनशे वर्षांत नवे झाड आलेच नाही, आणि फक्त तेरा म्हातारी झाडे उरली. गोष्ट इतकी डौलदार होती की जगभर पसरली. पण पुढे इतर शास्त्रज्ञांनी रानात शोध घेतला, तेव्हा झाडे तेरापेक्षा पुष्कळ जास्त निघाली, त्यांत तीनशे वर्षांहून कमी वयाचीही होती, आणि बी डोडोवाचूनही रुजते असे दिसले. डोडो ती फळे खात असेलही. पण झाडाच्या अडचणीला माकडे, डुकरे, उपरी झुडपे अशी अनेक कारणे आहेत. वर्गात ही गोष्ट जरूर सांगावी, मात्र तिचा उत्तरार्धही सांगावा.

कासवांच्या बाबतीत मात्र पुरावा चांगला हाती आला आहे. या तीन बेटांवर भूकासवांच्या पाच जाती होत्या. ताजे मांस म्हणून खलाशांनी त्या बोटींत भरून नेल्या, आणि पाचही संपल्या. मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्याजवळ माहेबूरच्या खाडीत एग्रेत नावाचे २६ हेक्टरांचे एक चिमुकले बेट आहे, प्रवाळाच्या चुनखडकाचे. किनाऱ्यावरचे कोरडे रान मुख्य बेटावरून गेले, ते काहीसे या ठिकाणी टिकले होते. तेही सरपणासाठी तुटत होते, आणि दुसऱ्या महायुद्धात तिथे तोफा बसवल्या गेल्या. १९६५ मध्ये ते राखीव झाले. पुढे मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन या संस्थेने ते चालवायला घेतले. उंदीर संपवले, उपरी झाडे काढली, मूळची रोपे लावली. पण या छोट्या बेटावरच्या आबनुसाची फळे झाडाखालीच पडून राहत. पसरवणारा कोणी नव्हता. तेव्हा २००० मध्ये दूरच्या अल्दाब्रा बेटावरच्या जातीची मोठी कासवे आणून सोडली. त्यांनी फळे खाल्ली, रांगत रांगत बेटभर हिंडली, आणि शेणाबरोबर बी टाकत गेली. कासवाच्या पोटातून गेलेले बी अधिक चांगले रुजते असेही आढळले. जुना गडी मेला, त्याच्या जागी दुसऱ्या गावचा गडी ठेवला, आणि त्याने काम सांभाळले, असा हा प्रकार. यावर 'परके जनावर कशाला आणता?' असा आक्षेप काही जण घेतात. तो अगदीच टाकाऊ नाही, कारण या बेटाचा सारा इतिहासच परक्या जनावरांनी बिघडवलेला आहे. पण कासव मंद असते, मोजता येते, आणि नको झाले तर उचलून परत नेता येते. उंदराचे तसे नाही.

मॉरिशसच्या उत्तरेला राउंड आयलंड म्हणून आणखी एक ओसाड खडक आहे, दोनशे हेक्टरांच्या वर. एकोणिसाव्या शतकात कोणीतरी तिथे शेळ्या आणि ससे सोडले. त्यांनी रोप म्हणून वर येऊ दिले नाही, आणि माती पावसाबरोबर समुद्रात गेली. १९७९ मध्ये शेवटच्या शेळ्या आणि १९८६ मध्ये ससे काढून टाकल्यावर तिथल्या ताडवर्गातील झाडांची पिलावळ पुन्हा वर आली. त्यांतला एक म्हणजे बुंधा घड्यासारखा फुगलेला बुटका बाटलीताड. त्याची झाडे त्या खडकावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली होती. शोभेसाठी मात्र तो जगभर बागांतून लावला जातो, आपल्याकडेही रोपवाटिकांत मिळतो. (आपल्या शहरांत सरकारी इमारतींपुढे उंच, गुळगुळीत खोडाच्या रांगा असतात, त्यांनाही लोक 'बॉटल पाम' म्हणतात. ते निराळे, अमेरिकेकडचे झाड.)

मग बागेत लावले की झाड वाचले, असे का म्हणू नये? याचे उत्तर क्यूर्पीप गावच्या वनस्पती-उद्यानात उभे आहे. त्याच बाटलीताडाच्या गणातली दुसरी एक जात आहे, तिचे जगाला ठाऊक असलेले झाड हे एकच. तेच ते बागेतले, भोवती कुंपण घातलेले. त्याला नर फुले येतात आणि मादी फुलेही येतात, पण एकाच वेळी उमलत नाहीत. एकाचे पराग तयार असतात तेव्हा दुसरे तयार नसते. दोन झाडे असती तरी प्रश्न सुटला असता. प्रयोगशाळेत काचेच्या नळीत रोपे करण्याचे प्रयत्न झाले, पण बाहेर मातीत ती टिकली नाहीत. झाड जिवंत आहे, निगा उत्तम आहे, आणि तरी ती जात शेवटच्या माणसासारखी उभी आहे.

आता रोद्रिगची हकीकत सांगतो. तीत एका शाळेचा मोठा वाटा आहे. रोद्रिग हे मॉरिशस राष्ट्राचाच भाग असलेले बेट, पूर्वेला साडेपाचशेहून अधिक किलोमीटरवर, क्षेत्रफळ जेमतेम १०८ चौरस किलोमीटर. १६९१ मध्ये फ्रांस्वा लगा नावाचा एक निर्वासित तिथे दोन वर्षे राहिला. त्याने लिहून ठेवले आहे की कासवांचे कळप इतके दाट असत, की जमिनीला पाय न लावता त्यांच्या पाठींवरून शंभर पावले चालता येई. पुढच्या शतकात ती सारी खाल्ली गेली. रानही गेले. शेळ्या-गुरे आली.

या बेटावर काफे मारों नावाचे एक झुडूप होते, कॉफीच्या आणि आपल्या कदंबाच्या कुळातले, पांढऱ्या चांदणीसारख्या फुलांचे. 'मारों' म्हणजे पळून रानात गेलेला. पळालेल्या गुलामांनाही हाच शब्द लावीत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते नाहीसे झाले असे शास्त्रज्ञांनी धरून चालले होते. १९८० च्या सुमारास तिथल्या एका शिक्षकांनी मुलांना जुन्या चित्रांवरून बेटावरच्या मूळच्या झाडांची ओळख करून दिली, आणि आपापल्या परिसरात शोधायला सांगितले. एक मुलगा सांगू लागला, हे तर आमच्या घराजवळ रस्त्याच्या कडेला आहे. फांदी इंग्लंडमध्ये क्यूच्या वनस्पती-उद्यानात पाठवली, आणि तिथल्या तज्ज्ञांनी खूण पटवली. संपले म्हणून नोंदलेले झाड रस्त्याच्या कडेला, शेळ्यांच्या तोंडी, उभे होते.

आपल्याकडच्या गुरुजींनी मुलांना असेच काम द्यायला हरकत नाही. मात्र मुळासकट उपटून आणू नका, चित्र काढा, फार तर एक पान आणा, हे बजावून सांगावे. आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून झाडाचे गावठी नाव विचारून घ्यावे. शास्त्रीय नाव मागाहून मिळते. गावठी नाव एकदा गेले की परत मिळत नाही.

शोध लागल्यावर त्या झाडाचे हाल वाढले. काफे मारोंचा काढा औषधी म्हणून तिथले लोक पूर्वीपासून वापरीत. झाड मोलाचे आहे अशी बोलवा झाली, तशा लोक रात्री फांद्या तोडून नेऊ लागले. कुंपण घातले, त्यावरून चढू लागले. मग दुसरे कुंपण घातले, त्याभोवती आणखी. त्या लोकांवर चटकन रागावू नये. आजारी घरात औषधाची पाने जवळ आहेत आणि मध्ये सरकारी तार आहे, असे असता आपण काय केले असते?

१९८६ मध्ये काही काड्या विमानाने क्यूला नेल्या. त्यांतली एक मुळावली. तिच्यापासून पुढे कितीतरी रोपे केली, पण ती सारी एकाच झाडाच्या फांद्या. सोळा-सतरा वर्षे ती फुलली, एकदाही बी धरले नाही. २००३ मध्ये कार्लोस माग्दालेना या माळ्याने हट्ट धरला. पुष्कळ फुलांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. शेवटी कुक्षीचा शेंडा कापून पराग थेट आतल्या बाजूला लावले, आणि फळ धरले. त्यातल्या बियांपासून नवी झाडे आली, आणि पुढे बी रोद्रिगला परत गेले.

बियांपासून आलेली रोपे पाहून एक जुनी गोष्ट उलगडली. या झुडपाचे लहान रोप आणि मोठे झाड यांची पाने इतकी निराळी, की कोणी एक जात म्हणणार नाही. मोठ्या झाडाची पाने हिरवीगार, तकतकीत, गोलसर. रोपाची पाने मात्र लांबच लांब, पट्टीसारखी अरुंद, तपकिरी, वाळल्यासारखी. हे सोंग कासवांसाठी असावे असे मानतात. कासवाची मान पोचते तोपर्यंत झाड वाळक्या काडीचे रूप घेऊन राहते, आणि त्याहून उंच झाले की खरी पाने काढते.

ज्या कासवांसाठी हे सोंग होते ती संपून दोनशे वर्षे झाली. शेळीला अशा सोंगाची फिकीर नसते, म्हणून रोद्रिगमध्ये मूळचे रान पुन्हा लावण्याचे जे काम चालले आहे, तिथे कुंपण लागतेच. २००७ मध्ये त्या बेटावर लगाच्याच नावाने एक राखीव जागा उघडली. बाहेरून आणलेली मोठी कासवे तिथे सोडली आहेत, आणि रोद्रिगची मूळची झाडे हजारोंनी लावली आहेत.